हारुनाई

नावाचा अर्थ विचारलात तर तीन उत्तरं मिळतात.
पाटीवरच्या अक्षरांत: वसंताच्या आत.
नुसतं कानाने ऐकलंत तर: वसंत नाही.
आणि ज्यांनी हे नाव आधी ठेवलं
त्या ऐनूंच्या बोलीत म्हणे:
पोटाला मिळतं असा ओढा.
ओढा अजून आहे, रुळांखालून जातो.

शोवा राजवटीच्या चौथ्या वर्षी इथे गाडी थांबली
ती माणसांसाठी नव्हे, फरच्या ओंडक्यांसाठी.
माणसं ओंडक्यांमागून आली.
करवती, सतरा बिऱ्हाडं, एक खानावळ,
मग शाळा, शाळेला घंटा.
युद्धात घंटा वितळवायला नेली,
तेव्हापासून दुपारच्या गाडीच्या शिट्टीवर शाळा सुटायची
आणि गाडी लवकर आली
की पोरं गणितातून वाचायची.

कुमेदा मास्तर शेवटचे.
पांढरे हातमोजे, दर गाडीआधी
रिकाम्या रुळांकडे बोट करून मोठ्याने म्हणायचे: "ठीक!"
ऐकायला कुणी असो नसो.
एकदा रुळांवर हरीण उभं होतं.
ठीक म्हणवेना, आणि नियमात दुसरा शब्द नव्हता.
मास्तरांनी बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,
"हरीण!"

जंगल संपलं तशा करवती गेल्या,
खानावळ गेली, शाळा तीन पोरांवर येऊन मिटली.
एका मार्चमध्ये मास्तरांनी
तिकिटांची पेटी, शिक्के, कोळशाचा चिमटा
यादीप्रमाणे मोजून दिला, सही घेतली,
रिकाम्या खोलीकडे बोट केलं
आणि काहीच न बोलता गाडीत बसले.

लाकडी इमारत पाडली.
तिच्या जागी मालगाडीच्या गार्डचा जुना डबा
चाकं काढून ठेवून दिला.
जन्मभर शेवटी लटकून धावला,
आता तोच स्टेशन.
आत एक बाक, एक घड्याळ,
फावडं, आणि दोरीला बांधलेली वही.

वही तोमेबाईंची.
चार मुलींवर पाचवी झाली
तेव्हा बापाने ठेवलेलं नाव: तोमे. थांब.
नकोशी म्हणा हवं तर.
आता वय एक्क्याऐंशी, गावात एकट्या.
हिवाळ्यात पहाटे फलाटावरचं बर्फ ओढतात,
गाडीचं दार येतं तेवढ्याच जागेचं.
मग वहीत लिहितात:
बर्फ घोट्यापर्यंत. बर्फ गुडघ्यापर्यंत.
बर्फ किती ते समजलं नाही, फावडं सापडत नाही.
मधेच कुणा परक्या पोराचं अक्षर:
चुकून उतरलो. पुढची गाडी पाच तासांनी. बाईंनी मुळा दिला.

रेल्वेच्या कागदावर लिहिलंय
सरासरी प्रवासी, रोज: शून्य पूर्णांक दोन.
म्हणजे एका माणसाचा पाचवा हिस्सा.
म्हणजे दर पाचव्या दिवशी तोमेबाई,
औषधाची पिशवी, छत्री, आणि जाताना
ड्रायव्हरसाठी दोन उकडलेली अंडी.
उरलेले चार दिवसही गाडी थांबते,
दार उघडते,
थंडी आत घेते, आणि जाते.

शरद संपता संपता दोन साहेब आले,
बूट काढावेत की नाही ते डब्याच्या दारात त्यांना कळेना.
येत्या मार्चपासून स्टेशन बंद.
हॉस्पिटलसाठी मोटार येईल, फोन करायचा, दारातून नेतील.
आपली काही हरकत?
बाई बराच वेळ बाकाच्या फळीवरून हात फिरवत राहिल्या.
मग विचारलं,
"ह्याला परत चाकं लावणार का?"

धाकट्या साहेबाने थोरल्याकडे पाहिलं.
थोरल्याने लिहिलं: हरकत नाही.

आज चौथा दिवस. जायचं नाही कुठे.
तरी जागा साफ केली आहे, दाराएवढी.
वळणावर दिवा दिसतो.
फावडं बगलेत धरून, लोकरी मोज्यातलं बोट काढून
त्या आधी इकडे दाखवतात, मग तिकडे,
आणि म्हणतात
काय ते गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही.